फूल नको, पेर बघा: ओढ्याकाठची शेरळ आणि तिची भावंडं

वाईला कृष्णेचे घाट संपल्यावर काठाकाठाने वर चालत गेलं की दिवाळीनंतर पाण्याच्या कडेला गुलाबी तुरे दिसू लागतात. कितीतरी वर्षं मी त्या सगळ्यांना सरसकट ‘शेरळ’ म्हणत आले. एकदा भाची सोबत होती. दोन हातांत दोन काड्या धरून म्हणाली, “आत्या, या पेराला मिशा आहेत, त्याला का नाहीत?” त्या दिवसापासून मी तुऱ्याकडे नंतर बघते, आधी पेराकडे.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. उसाला असतात तशीच या झाडांना पेरं असतात, जरा सुजल्यासारखी, बऱ्याचदा लालसर. प्रत्येक पेराला एकच पान. आणि पेराच्या वर खोडाला घट्ट लपेटलेली एक पातळ नळी दिसते. कोवळी असताना ती हिरवट असते, मग कांद्याच्या सालीसारखी तपकिरी आणि कुरकुरीत होते. ही नळी दिसली की घराणं पक्कं समजा. आंबट चुका याच घराण्यातला. जुडीत खोडासकट काडी आली तर देठ जिथे फुटतो तिथे नखाने हळूच सोलून बघा, तोच पापुद्रा हाती येईल. घरच्या ओट्यावर एकदा बघितलं की नदीवर शोधावं लागत नाही.

नळी नसेल तर ते झाड दुसरंच. शेताच्या बांधावर कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे लांबून अगदी असेच दिसतात, पण कुरडूच्या पेराला नळी नसते आणि तुरा हाताला कोरडा, कागदी लागतो. केन्याला म्यान असतं खरं, पण तो पानाचाच खालचा भाग असतो. शेरळीची नळी पानाच्या देठापासून वेगळी उठून खोडाभोवती वर चढते.

आता मिशा. नळीची वरची कड भिंगातून बघा, दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. कड कापल्यासारखी साफ असेल, झाड कमरेच्या वर गेलेलं असेल, पानं लांब, भाल्यासारखी आणि दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असतील, तर ती शेरळ, पर्सिकेरिया ग्लाब्रा. कडेवर ताठ, लांब केसांची झालर असेल आणि तुरे बारीक, पांढरे असतील तर ती पर्सिकेरिया बार्बाटा. भाचीच्या हातातल्या मिशा त्याच. या दोघी एकाच काठावर गळ्यात गळे घालून वाढतात, म्हणून माझी इतकी वर्षं फसगत झाली. रंगावर मात्र विसंबू नका, शेरळ कधीकधी पांढरी फुलते. आणि जुन्या पेरावरची झालर झडून जाते, म्हणून शेंड्याकडून तिसरं-चौथं पेर बघायचं. एकच पेर बघून नाव सांगू नये, निदान तीन तरी बघावीत.

जुन्या पुस्तकांत ही सगळी मंडळी पॉलिगोनम या नावाखाली सापडतील. ग्रीकमधून आलेल्या या नावाचा अर्थच मुळी ‘पुष्कळ गुडघे’. पुढे तुरेवाल्यांना पर्सिकेरिया म्हणू लागले, कारण पानं पीचच्या पानांसारखी.

तिसरी जरा अवघड, पर्सिकेरिया हायड्रोपायपर. तिचे तुरे सडसडीत, झुकलेले, फुलं एकमेकांपासून सुटी सुटी. तिचं पान मिरीसारखं जिभेला झोंबतं, म्हणून चाखून ओळखा असं सांगणारे भेटतात. मी ठामपणे सांगते, चाखू नका. आपल्या नद्यांत काय काय सोडलं जातं ते काठावर उभं राहिलं तरी नाकाला कळतं. त्यापेक्षा फुलाच्या पाकळीवर भिंग धरा. हायड्रोपायपरच्या पाकळीवर पिवळट-तपकिरी ठिपके उठून दिसतात, त्या तिच्या तिखट रसाच्या ग्रंथी.

जागाही नाव सांगते. शेरळ पाण्यात पाय सोडून उभी राहते. खालच्या पेरांना मुळं फुटतात आणि गाळात आडवी पडलेली काडी पुन्हा वर उठते. संथ, गाळाचं, सांडपाणी मिसळलेलं पाणीही तिला चालतं, त्यामुळे पुण्यात मुळा-मुठेच्या काठी ती भरपूर आहे. महाबळेश्वरच्या रस्त्याकडेला, झाडांच्या ओल्या सावलीत मात्र वेगळीच बहीण भेटते, पर्सिकेरिया चायनेन्सिस. तिचा तुरा नसतोच, पांढऱ्या फुलांचे छोटे गेंद असतात. पान रुंद, आणि फळ धरलं की भोवतीच्या पाकळ्या मांसल, निळसर काळ्या होतात.

आणि माझी सगळ्यात लाडकी बघायची तर धोम धरणाचं पाणी उतरल्यावर जायला हवं. गाळपेरीच्या जमिनीवर, भेगाळलेल्या मातीला चिकटून एक जाळी पसरलेली असते. पानं जेमतेम नखाएवढी, चिंचोळी. काही जण तिला गुलाबी गोधडी म्हणतात, शास्त्रीय नाव पॉलिगोनम प्लेबियम. तिला तुरा नाही, फुलं पानांच्या बगलेत बसतात. उभ्याने काहीच कळत नाही, गुडघे टेकावे लागतात. मग दिसतं की पेरापेरावर चंदेरी, फाटक्या पापुद्र्याची तीच नळी आहे आणि प्रत्येक पापुद्र्याआड मोहरीपेक्षा लहान गुलाबी कळी.

जाताना हातात काठी ठेवा. शेरळीच्या दाटीखाली गाळ किती खोल आहे ते वरून समजत नाही. फोटो काढायचे तर पेराचा, पाकळीचा, पानाच्या खालच्या बाजूचा आणि सभोवतालच्या जागेचा काढा. नुसत्या गुलाबी तुऱ्याच्या फोटोवरून कुणालाही खात्रीने नाव सांगता येणार नाही.

तरीही शंका राहिली तर तुरा वाळेपर्यंत थांबा. वाळलेला तुरा तळहातावर चोळून फुंकर मारा. काळं, चकचकीत बी उरेल. मसुरीसारखं चपटं असेल तर बहुतेक शेरळ, तीन धारांचं असेल तर मिशीवाली. मी दोन्ही बिया वेगवेगळ्या पाकिटांत घालून वर जागा आणि तारीख लिहून ठेवते.