पुराच्या खुणेवरून गावाचा आराखडा : नदीकाठच्या ग्रामपंचायतींसाठी

वैनगंगा, वर्धा, पैनगंगा, प्राणहिता यांच्या काठच्या बहुतेक गावांत आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा तयार असतो. त्यात फोन नंबर, समितीची नावं आणि साहित्याची यादी असते. पाणी कुठल्या पायरीला लागलं की कोणी काय करायचं, हे त्यात नसतं. पुराच्या रात्री मात्र नेमकं तेच लागतं.

हे काम समुद्रकाठच्या स्थानिक संस्थांकडून शिकण्यासारखं आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगभरात समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर चढली. २००६ ते २०१८ या वर्षांत तिचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. पुढे ती किती चढेल याचे अंदाज वेगवेगळे आहेत, म्हणून तिथले चांगले आराखडे तारखेला बांधत नाहीत, पाण्याच्या उंचीला बांधतात. लंडनजवळ थेम्स नदीच्या मुखासाठी २०१२ मध्ये केलेला आराखडा याच पद्धतीचा आहे. पाणी अमुक उंचीला जाण्याआधी तमुक काम पूर्ण व्हायला हवं, आणि त्या कामाला जितकी वर्षं लागतात तितकी आधी सुरुवात करायची. समुद्राकाठी हे ‘आधी’ वीस-तीस वर्षांचं असतं, वैनगंगेकाठी चार तासांचं. हिशोब तोच.

जुन्या खुणा गोळा करा

काम एप्रिल-मेमध्ये करा. पाटबंधारे विभागाने तुमच्या भागाची पूररेषा आखली असेल तर तिची प्रत लेखी मागा. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. रेषा आखलेली नसेल तर थांबू नका, गावातल्या खुणांवरून काम सुरू होतं.

लक्षात असलेल्या प्रत्येक मोठ्या पुराच्या निदान तीन वेगवेगळ्या खुणा शोधा : देवळाची पायरी, शाळेच्या भिंतीवरचा गाळाचा पट्टा, बाभळीत अडकलेला कचरा. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली भागात ऑगस्ट २०२०च्या अखेरचा पूर बहुतेकांना आठवतो, तिथून सुरुवात करा. मातीच्या भिंतीला ओल वर चढते, कधी कधी पाण्याच्या हातभर वर. म्हणून ओलीची रेघ धरू नका, गाळाची धरा. फांदीतला कचराही नेमकी उंची सांगत नाही, कारण पाणी ओसरताना तो लोंबकळत खाली आला की वाऱ्याने पुन्हा अडकला, हे कळायला मार्ग नसतो. तीन खुणांपैकी दोन जुळल्या तर ती उंची पक्की माना.

लेव्हल पाइपने गाव मोजा

महागड्या यंत्राची गरज नाही. गवंड्याकडे असते तशी पारदर्शक नळी घ्या, २० मीटर लांब, आतून १० ते १२ मिलिमीटर. तिच्यात पाण्यासोबत चिमूटभर नीळ टाका, म्हणजे रेघ उन्हातही दिसते.

गावात एक पक्की जागा निवडा, जी कोणी तोडणार नाही : जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्याची वरची पायरी उत्तम. तिला १० मीटर म्हणा. शून्य म्हणू नका. शून्य म्हटलं की खालच्या सगळ्या जागा उणे होतात आणि घाईत उणे-अधिकची चूक हमखास होते. आता एकाने नळीचं एक टोक पायरीवर उभं धरायचं, दुसऱ्याने दुसरं टोक पुढच्या जागेवर. दोन्ही टोकं उघडी हवीत, अंगठा ठेवला तर पाणी खोटं बोलतं. पाणी हलायचं थांबलं की दोन्हीकडे जमिनीपासून पाण्याच्या रेघेपर्यंत टेपने मोजा. पायरीवर ६० सेंटिमीटर आणि पुढच्या जागी ९५ आलं, तर ती जागा ३५ सेंटिमीटर खाली, म्हणजे ९.६५ मीटरवर. असं टप्प्याटप्प्याने नदीपर्यंत जा.

चुका होतात त्या दोन कारणांनी. एक, नळीत बुडबुडा राहतो. भरताना एक टोक बादलीत बुडवून दुसऱ्या टोकाने ओढा आणि नळी बोटाने टिचक्या मारत तपासा. दुसरं, अर्धी नळी उन्हात आणि अर्धी सावलीत राहते. म्हणून सकाळी लवकर मोजा. शेवटी फिरून पुन्हा शाळेच्या पायरीवर या. उत्तर १० मीटरपासून ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकलं असेल तर सगळं पुन्हा मोजावं लागतं, आणि ते मोजाच.

प्रत्येक घराचं जोतं, रपटा, पांदण रस्त्यातला सर्वांत खोलगट भाग, विहिरीचं तोंड, नळयोजनेची पंपघर-मोटर, विजेची डीपी, धान्याचं गोदाम आणि गोठे या सगळ्यांच्या उंचीची यादी करा. आशाताई आणि अंगणवाडी सेविकेला सोबत घ्या. कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुठे गरोदर बाई आहे, हे त्यांना घर पाहून सांगता येतं. ते यादीतच लिहा.

काठावरची पट्टी

पुलाच्या खांबावर नाहीतर काँक्रीटमध्ये पक्क्या रोवलेल्या लोखंडी अँगलवर पट्टी रंगवा. दर १० सेंटिमीटरला रेघ, दर मीटरला मोठा आकडा, आणि आकडे शाळेच्या १० मीटरशी जुळणारेच. झाडावर पट्टी नको. काठ खचला की झाडच जातं. आकड्यांना रेडियमची पट्टी लावा, म्हणजे रात्री टॉर्चच्या उजेडात लांबून वाचता येतात. खालची पट्टी बुडेल तेव्हा तिच्याजवळ जाता येणार नाही, म्हणून दुसरी पट्टी गावाच्या बाजूला, चढावर हवी.

कोणत्या आकड्याला काय

आराखड्याचा जीव इथे आहे. समजा नदीकडच्या टोलीतलं (वस्तीतलं) सर्वांत खालचं घर ८.४ मीटरवर आहे. बहुतेक गावं म्हणतात, पाणी ८ वर आलं की घरं रिकामी करू. पण टोलीतून शाळेकडे येणारा रस्ता नाल्याजवळ ७.६ लाच बुडतो. घर कोरडं असतानाच वाट बंद होते. म्हणून हिशोब घरापासून नको, वाटेच्या सर्वांत खोल जागेपासून करा.

आता वेग. मागच्या पुरांत पाणी तासाला जास्तीत जास्त किती चढलं? समजा २५ सेंटिमीटर. टोलीतली माणसं, ढोरं आणि सामान हलवायला दिवसा तीन तास लागतात, रात्री चार. रात्रीचाच आकडा धरा. चार तासांत पाणी १ मीटर चढेल. ७.६ मधून १ मीटर वजा केला की ६.६ राहतं. चुकीसाठी २० सेंटिमीटर सोडा. पट्टीवर ६.४ ला लाल रेघ मारा. पाणी ६.४ ला टेकलं की मुनादी (दवंडी), आणि कोणाच्या आदेशाची वाट पाहायची नाही. हा अधिकार पोलीस पाटील आणि सरपंच या दोघांपैकी जो गावात असेल त्याला, असं ग्रामसभेच्या ठरावात स्पष्ट लिहून ठेवा. फोन लागत नाही म्हणून दोन तास वाया जातात, ते या एका ओळीने वाचतात.

हलवायला किती वेळ लागतो हे अंदाजाने ठरवू नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा खरंच ढोरं सोडून, म्हाताऱ्यांना बाजेवर घेऊन शाळेपर्यंत जाऊन पाहा. वेळ जवळपास दरवेळी अंदाजापेक्षा जास्त निघतो, आणि तो ढोरांमुळे निघतो. ढोरं बांधलेली असतील तर माणूस घर सोडत नाही. म्हणून लाल रेघेच्या निदान अर्धा मीटर खाली पिवळी रेघ मारा : तिथे पाणी आलं की आधी ढोरं आणि त्यांचा चारा, म्हणजे तणस आणि कुटार, वरच्या आखरावर (ढोरं जमवण्याच्या जागेवर).

धरणाचा निरोप नीट वाचा

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत, पण ‘सगळे दरवाजे उघडले’ यातून पाणी किती सुटलं ते कळत नाही. दरवाजा अर्धा मीटर उचलला की पाच मीटर, यावर सगळं आहे. विसर्गाचा आकडा पाहा आणि एकक तपासा. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर पाणी, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. १ क्युमेक म्हणजे ३५.३ क्युसेक. ५,००० क्युमेक्सचा निरोप कोणी ५,००० क्युसेक म्हणून पुढे पाठवला, तर गाव निर्धास्त झोपतं. नोंदवहीत तीन रकाने ठेवा : विसर्ग, सुटल्याची वेळ, आपल्या पट्टीवर पाणी वाढू लागल्याची वेळ. दोन-तीन पावसाळ्यांत तुमच्या गावाचा स्वतःचा तक्ता तयार होतो. वर मध्य प्रदेशात पाऊस किती पडला तेही पाहत जा. २०२० मध्ये वैनगंगेच्या पुराचं बरंचसं पाणी तिथूनच आलं होतं, त्यामुळे गावावरचं आभाळ पाहून ठरवता येत नाही. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७.

नालीतून उलटं येणारं पाणी

नदी चढली की गावाची नाली तिच्यात रिकामी होत नाही. नदीच नालीतून गावात शिरते. कोकणात समुद्राचं खारं पाणी अडवणाऱ्या खारबंदिस्तीच्या बांधांना यासाठी उघाडी असते. भरतीला तिची झडप बाहेरच्या पाण्याच्या दाबाने मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडते. हीच झडप नालीच्या नदीकडच्या तोंडाला बसवता येते. दोन गोष्टी सांभाळा. झडपेत काटकी अडकली तर ती मिटत नाही, म्हणून आतल्या बाजूला जाळी आणि दर पावसानंतर सफाई. आणि झडप मिटलेली असताना गावावर पडणारा पाऊस आतच साचतो, तेव्हा डिझेल पंप कोणाचा, डिझेल कुठलं, हे आधी ठरलेलं हवं.

निवारा

लाल पूररेषेच्या वर आणि नाला न ओलांडता पोचता येईल अशीच जागा. माणशी साडेतीन चौरस मीटर जागा आणि दिवसाला १५ लिटर पाणी धरा. बायकांसाठी वेगळं, उजेड असलेलं शौचालय नसेल तर बाया रात्री घरी परततात. ही गोष्ट किरकोळ समजू नका.

पाणी उतरल्यावर विहीर

आधी गढूळ पाणी उपसा. मग पाण्याचा हिशोब : व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, सगळं मीटरमध्ये. व्यास ३ आणि खोली ४ मीटर असेल तर सुमारे २८ घनमीटर, म्हणजे २८ हजार लिटर. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पुरते. पुरानंतर दुप्पट, म्हणजे इथे सुमारे १४० ग्रॅम. पावडर थेट विहिरीत टाकू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली विहिरीत खाली-वर करा. तासाभराने ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलं आहे का ते पाहण्याची) घ्या. पिवळा रंग आला नाही तर पुन्हा. ओलं, उघडं पडलेलं टीसीएल निकामी होतं. ते दुप्पट टाकलं तरी भागत नाही.

हळू चालणारं काम

३० जुलै १९९१ला वर्धेच्या पुरात नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये २०० हून जास्त माणसं गेली. असा पूर येऊन गेल्यावर स्थलांतर सुचणं फार उशिराचं असतं. निळ्या रेषेच्या आत नवं घरकुल, अंगणवाडी, गोदाम मंजूर करू नका. खालचं घर पडलं की नवं घर वरच्या जागेवर, यासाठी वरची जमीन आधीच राखून ठेवा आणि तो विषय ग्रामपंचायत विकास आराखड्यात दरवर्षी लिहा. पंपघर आणि डीपी आधी उचला. त्या एका कामाने पुरानंतर गावाला पाणी आणि वीज लवकर मिळते.

पूर ओसरल्यावर दोन दिवसांच्या आत, पुढच्या सरीने गाळ धुऊन जाण्याआधी, नव्या खुणेवर रंगाची रेघ मारून तारीख लिहा. पाणी तासाला किती चढलं तेही नोंदवहीत टाका. हा वेग जुन्या वेगापेक्षा जास्त निघाला, तर लाल रेघ त्याच आठवड्यात खाली आणा आणि टोलीतल्या प्रत्येक घरी जाऊन नवा आकडा सांगा.