स्विफ्ट: स्ट्रक्टच्या आतल्या स्ट्रक्टचा इन्स्टन्स कसा बनवायचा

स्विफ्ट या प्रोग्रामिंग भाषेत स्ट्रक्टमध्ये (डेटाच्या साच्यात) दुसरं स्ट्रक्ट लिहिलं की बाहेरच्याबरोबर आतल्याचाही इन्स्टन्स (साच्यातून बनलेली प्रत्यक्ष वस्तू) आपोआप बनतो, असा समज नवशिक्यांमध्ये पक्का असतो. तसं होत नाही. आत जातं ते फक्त नाव. डेटा साठवायचा तर त्या टाइपची प्रॉपर्टी वेगळी लिहावी लागते:

स्ट्रक्ट प्रवास {
    स्ट्रक्ट थांबा {
        व्हार नाव: स्ट्रिंग
        व्हार मुक्काम: बूल = फॉल्स
    }
    लेट आरंभ: थांबा
    व्हार शेवट: थांबा
}

स्ट्रक्ट, लेट (न बदलणारी किंमत), व्हार (बदलता येणारी किंमत), स्ट्रिंग (मजकूर), इनिट (इन्स्टन्स बनवणारा इनिशियलायझर) असे भाषेचे शब्द एडिटरमध्ये रोमन लिपीतच टाइप करा. आपण दिलेली नावं देवनागरीतही चालतात. मात्र देवनागरीत मोठं-लहान अक्षर नसल्याने टाइप आणि प्रॉपर्टी यांना वेगवेगळी नावं दिलेली बरी.

आता इन्स्टन्स:

व्हार सहल = प्रवास(
    आरंभ: प्रवास.थांबा(नाव: "स्टेशन"),
    शेवट: .इनिट(नाव: "किनारा", मुक्काम: ट्रू)
)

बाहेरून पूर्ण नाव लागतं: प्रवास.थांबा. सहल.थांबा लिहिलंत तर एरर येणारच, कारण आतला टाइप प्रवास या टाइपचा आहे, सहल या इन्स्टन्सचा नाही. अपेक्षित टाइप कंपायलरला आधीच कळत असेल तिथे नुसतं .इनिट पुरतं.

लेबलांचा क्रम प्रॉपर्टी लिहिल्या त्याच क्रमाने. मुक्कामला डीफॉल्ट असल्याने पहिल्या थांब्यात तो गाळला. ही सोय स्विफ्ट ५.१ पासून (२०१९) आहे. तीच प्रॉपर्टी डीफॉल्टसह लेट केली, तर ती इनिशियलायझरमधून पूर्ण गायब होते.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक पुढची. थांबामध्ये स्वतःचा इनिट लिहिला की फुकट मिळालेला मेंबरवाइज इनिट (प्रॉपर्टींच्या किमती एकेक करून घेणारा) जातो, आणि कालपर्यंत चालणाऱ्या ओळी लाल होतात. दोन्ही हवे असतील तर स्वतःचा इनिट ‘एक्स्टेन्शन प्रवास.थांबा’ मध्ये (टाइपला बाहेरून जोडलेल्या भागात) लिहा. एखादी व्हार प्रॉपर्टी प्रायव्हेट केली तर मेंबरवाइज इनिटही प्रायव्हेट होतो. दुसऱ्या मॉड्यूलमधून (कोडच्या वेगळ्या गठ्ठ्यातून) वापरायचं असेल तर पब्लिक इनिट हातानेच लिहावा लागतो. स्ट्रक्ट पब्लिक केल्याने तो मिळत नाही.

थांबाच्या आतून प्रवासची शेवट प्रॉपर्टी वाचता येत नाही. हवी ती किंमत पॅरामीटर म्हणून द्या.

बदल करायचा तर थेट सहल.शेवट.नाव = "बंदर". आधी ‘व्हार टप्पा = सहल.शेवट’ करून टप्पा.नाव बदललंत तर सहल तशीच राहते, कारण टप्पा ही प्रत आहे. आणि सहल लेट असेल, तर आतलं नाव व्हार असूनही बदलणार नाही.