चायपत्तना चक्र : साचलेल्या पाण्यात प्राणवायू मिसळण्याची थाई रीत

थायलंडमध्ये २ फेब्रुवारी हा दिवस शोधक दिन म्हणून पाळला जातो, कारण १९९३ साली याच तारखेला राजे भूमिबोल अदुल्यदेज यांच्या नावे एका यंत्राचे पेटंट मंजूर झाले. त्या पेटंटचा क्रमांक ३१२७ आहे. पाण्यात हवा मिसळणारे हे तरंगते चाक चायपत्तना एअरेटर या नावाने ओळखले जाते, आणि त्याच्या सर्वांत प्रसिद्ध नमुन्याला आरएक्स-२ म्हणतात. ऐंशीच्या दशकात बँकॉकचे कालवे आणि तळी सांडपाण्याने काळवंडत चालली होती. उत्तर थायलंडचे शेतकरी ओढ्याचे पाणी वर चढवण्यासाठी बांबूचे जे चाक वापरत, त्याचा आधार घेऊन राजांनी १९८८ च्या अखेरीस या यंत्राची कल्पना मांडली, तेथील राजसिंचन विभागाने त्याबरहुकूम यंत्र घडवले आणि १९८९ मध्ये बँकॉकमधील एका रुग्णालयाच्या व एका विहाराच्या आवारात त्याची चाचणी सुरू झाली.

हाताशी असलेल्या साधनातून गरजेपुरते आणि दुरुस्त करता येईल असे काही घडवायचे, ही वृत्ती इतर थाई शोधकांच्या कामातही ठळकपणे दिसते. डॉ. थेर्डचाय जीवकेत यांनी टाकाऊ प्लास्टिकचा उपयोग करून गोरगरिबांसाठी स्वस्त कृत्रिम पाय बनवले व त्यांना २००८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. क्रिसना क्रायसिन्तू यांनी एड्सवरील औषधे देशातच कमी खर्चात तयार करून दाखवली आणि पुढे आफ्रिकेत जाऊन तेथील लोकांना ती बनवायला शिकवले. चायपत्तना चक्र याच पठडीतले आहे. गावतळे, वसाहतीच्या सांडपाण्याचे कुंड किंवा मत्स्यशेतीचा तलाव यांसाठी ते वापरायचे असेल, तर कोणत्या क्रमाने पावले टाकावीत, हे पुढे सविस्तर सांगितले आहे.

यंत्राची रचना आधी समजून घ्यावी

तराफ्यावर आडव्या आसाभोवती फिरणारे एक चाक आहे आणि त्याच्या परिघावर सहा पन्हळी डबे बसवलेले आहेत. आपल्याकडच्या रहाटगाडग्यासारखीच ही मांडणी आहे. फरक इतकाच की येथे पाणी पन्हळात ओतायचे नसून पुन्हा तळ्यातच सोडायचे असते. प्रत्येक डब्यात सुमारे ११० लिटर पाणी मावते आणि डब्यांना बारीक छिद्रे असतात. डबा पृष्ठभागाखाली सुमारे अर्ध्या मीटरपर्यंत बुडतो, पाणी भरून घेतो आणि ते सुमारे एक मीटर उंचीपर्यंत उचलतो. वर जाताना छिद्रांतून पाण्याच्या धारा व थेंब गळत राहतात.

प्राणवायू पाण्यात पृष्ठभागातूनच शिरतो आणि साचलेल्या पाण्यात तो खालच्या थरांपर्यंत फार सावकाश पोहोचतो. हवेत तो जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू तो स्थिर पाण्यात पसरतो. म्हणून पाण्याचा जास्तीत जास्त पृष्ठभाग हवेसमोर आणणे हेच या यंत्राचे सगळे काम आहे, आणि ते तीन वेळा घडते. गळणारे थेंब हवेतून खाली येताना प्राणवायू घेतात, ते पाण्यावर आपटून तुषार उडवतात तेव्हा तो पुन्हा मिसळतो, आणि रिकामा डबा तोंड खाली करून बुडताना आपल्याबरोबर हवा दाबून नेतो तेव्हा तीच हवा छिद्रांतून बुडबुड्यांच्या रूपाने पाण्यात शिरते. डब्यांची छिद्रे बुजली की यांपैकी दोन क्रिया मंदावतात, हे देखभालीच्या वेळी ध्यानात ठेवावे.

चाक मिनिटाला अवघे पाच फेरे घेते. २ अश्वशक्तीची मोटर मिनिटाला १४५० फेऱ्यांनी फिरते आणि गिअरपेटी तो वेग जवळजवळ २९० पटींनी कमी करते. सहा डबे आणि पाच फेरे यांचा हिशेब केला तर मिनिटाला जास्तीत जास्त ३,३०० लिटर पाणी उचलले जाते. हा मंद वेग मला या शोधातील सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय वाटतो, कारण त्यामुळे तळाचा गाळ ढवळला जात नाही, धारव्यांची (बेअरिंगची) झीज कमी होते आणि गावातील फिटरला समजेल इतके यंत्र साधे राहते.

पाणी कधी आणि कसे तपासावे

यंत्र मागवण्याआधी किमान आठवडाभर पाण्यातील विरघळलेल्या प्राणवायूची नोंद ठेवावी. नमुना सूर्योदयापूर्वी घ्यावा. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्री तोच वापरते, त्यामुळे पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत खाली गेलेले असते. दुपारी घेतलेल्या नमुन्यावर विसंबून अनेक तळी निरोगी ठरवली जातात आणि दुसऱ्या दिवशी मासे मरून वर येतात. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात लिटरला साधारण साडेसात मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो. पहाटेचा आकडा ३ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर माशांना त्रास होऊ लागतो, आणि तो शून्याजवळ असेल तर तळाशी कुजणे सुरू होऊन सडक्या अंड्यासारखा वास येतो.

मीटर नसेल तर महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात विंकलर पद्धतीने ही चाचणी करून मिळू शकते. काचेची बूच असलेली बाटली पाण्याखाली धरून, आत बुडबुडा राहणार नाही अशी काठोकाठ भरावी. तळ्याच्या काठावरच तिच्यात आधी मँगनीज सल्फेट आणि मग अल्कलीयुक्त आयोडाइडचे द्रावण घालून बूच लावावे व बाटली उलटीसुलटी करावी. प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो आणि तो जितका गडद, तितका प्राणवायू जास्त. साका पांढराच राहिला तर पाण्यात प्राणवायू जवळजवळ उरलेला नाही, असे जागेवरच कळते. नेमका आकडा पुढे प्रयोगशाळेत अनुमापन करून काढतात.

किती यंत्रे आणि किती तास

आरएक्स-२ एका अश्वशक्तीमागे तासाला १.२ किलो प्राणवायू पाण्यात मिसळते, म्हणजे २ अश्वशक्तीच्या यंत्राची क्षमता तासाला २.४ किलो होते. असे आकडे स्वच्छ पाण्यावरील चाचणीचे असतात. उन्हाळ्यातील कोमट सांडपाण्यात त्याच्या निम्मेच पदरात पडतील, असे धरून चालावे. समजा एका वसाहतीत ४०० माणसे आहेत आणि प्रत्येकामागे रोज ४० ग्रॅम प्राणवायूची मागणी असलेला सेंद्रिय मळ कुंडात येतो. ही मागणी दिवसाला १६ किलो झाली. सुरक्षिततेसाठी ती दीडपट धरली तर २४ किलो प्राणवायू पुरवावा लागेल, आणि तासाला १.२ किलो या दराने एक यंत्र दिवसातून वीस तास चालवावे लागेल. वीजवापर साधारण ३० युनिटच्या आसपास जाईल. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय यंत्राची खरेदी करू नये.

ज्या तळ्यात सांडपाणी फारसे येत नाही पण शेवाळामुळे पाणी हिरवे झाले आहे, तेथे वेळापत्रक वेगळे असते. यंत्र मध्यरात्रीपासून सूर्य वर येईपर्यंत चालवावे. भर दुपारी अशा पाण्यात मावेल त्याहून जास्त प्राणवायू साठलेला असतो आणि त्या वेळी चाक फिरवले तर तो मिसळण्याऐवजी हवेत निघून जातो; वीज खर्च करून तोटा पदरी घेण्याचा हा प्रकार टाळावा.

बसवताना घ्यायची काळजी

जागा किमान एक मीटर खोल आणि तीन मीटरहून अधिक रुंद असावी. यंत्र एका कोपऱ्यात ठेवू नये; सांडपाणी जेथे आत येते त्याच्या थोडे पुढे, आणि चाकाने ढकललेला प्रवाह तळ्याच्या लांबीच्या दिशेने जाईल असे ते उभे करावे. तराफा किनाऱ्यावरील खुंटांना दोन्ही बाजूंनी दोरांनी बांधावा, मात्र पावसाळ्यात पातळी वाढेल तेव्हा तो वर उचलला जाईल इतका ढिलेपणा दोरांत ठेवावा.

थायलंडमधील यंत्र ३८० व्होल्टच्या तीन फेजवर चालते आणि आपल्याकडे तीन फेजचा दाब ४१५ व्होल्ट असतो. वारंवारता दोन्हीकडे ५० हर्ट्झच असल्याने चाकाच्या वेगात फरक पडत नाही, परंतु मोटर स्थानिक व्होल्टेजचीच घ्यावी. केबल पाण्यातून न नेता खांबांवरून न्यावी, अर्थिंग स्वतंत्र करावे आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर लावल्याशिवाय मोटर सुरू करू नये. तळ्यात मुले उतरतात, जनावरे पाणी पितात. या बाबतीत कसलीही काटकसर क्षम्य नाही.

बरीच वर्षे कुजलेल्या तळ्यात पहिल्याच दिवशी यंत्र चोवीस तास चालवू नये. गाळात साठलेले विषारी वायू आणि प्राणवायू खेचून घेणारी द्रव्ये एकदम वर आली तर उरलेसुरले मासेही दगावतात. रोज दोन-तीन तासांपासून सुरुवात करून पहाटेचा आकडा बघत वेळ वाढवावा.

यंत्र जे करू शकत नाही

चाकामुळे सेंद्रिय मळ कुजण्याऐवजी जिवाणूंकडून नीट विघटित होतो, पण नत्र आणि स्फुरद पाण्यातच राहतात आणि त्यावर जलपर्णी पुन्हा फोफावते. बँकॉकच्या मक्कासान तळ्यात १९८५ पासून याच जलपर्णीचा उपयोग गाळणीसारखा करण्यात आला. बांबूच्या चौकटींत ती मर्यादित वाढू द्यायची, तिने पोषक द्रव्ये शोषून घेतली की ठरावीक अंतराने काढून टाकायची आणि नव्या रोपांना जागा करून द्यायची, अशी ती पद्धत होती. काढण्याचे काम चुकले तर तीच वनस्पती तळ्यात कुजते आणि घेतलेले सर्व पाण्याला परत देते. आपल्या नद्या-तलावांवरील जलपर्णी काढून काठावरच टाकली जाते आणि पहिल्या पावसात पुन्हा पाण्यात वाहून जाते, ते पाहिले की या साध्या शिस्तीचे मोल कळते. काढलेली जलपर्णी काठापासून दूर नेऊन तिचे खत करावे.

जागा मुबलक असेल तर यंत्राविना चालणारी वाटही थायलंडने घालून दिली आहे. पेचबुरी शहराचे सांडपाणी सुमारे १८ किलोमीटर लांबीच्या नळाने समुद्रकाठच्या लाएम पाक बिया येथे नेले जाते आणि तेथील उथळ तळी, गवताचे वाफे व खारफुटी यांतून ते टप्प्याटप्प्याने शुद्ध होते. दाट वस्तीत एवढी जमीन मिळत नाही, आणि चाकाची खरी गरज तेथेच आहे.

देखभाल

दर आठवड्याला वीज तोडून डब्यांची छिद्रे ताठ ब्रशने मोकळी करावीत आणि चाकात अडकलेल्या पिशव्या व चिंध्या काढाव्यात. गिअरपेटीतील तेलाची पातळी महिन्यातून एकदा पाहावी. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजून सील बदलावे. तराफ्याची एक बाजू खाली गेलेली दिसली तर तराफा तरंगता ठेवणाऱ्या त्या बाजूच्या पिंपात पाणी भरले असेल, आणि तसेच चालवत राहिल्यास आसावर तिरका भार येऊन धारवे लवकर जातात. पहाटेच्या प्राणवायूची वही मात्र यंत्र बसल्यानंतरही चालू ठेवावी, आणि सलग तीन आठवडे आकडा ४ मिलिग्रॅमच्या वर राहिला तर यंत्राचे तास एकेकाने कमी करत जावेत.