सायलेंट हिलमध्ये परत जायचंय? नकाशा उघडा

सायलेंट हिल हा भीतीचा व्हिडिओ गेम १९९९ साली पहिल्या प्लेस्टेशनवर आला. तेव्हा खेळलेल्या कुणाला तो आज पुन्हा खेळायचा असेल, तर माझं पहिलं सांगणं असं की वॉकथ्रू (पायरीपायरीने गेम सोडवून दाखवणारं मार्गदर्शन) बंद ठेवा, आठवणीवरही फार विसंबू नका, आणि गेममधला नकाशा सतत उघडून बघा. गेमचा नायक हॅरी मेसन त्या नकाशावर लाल पेनाने खुणा करत जातो. पुढे कुठे जायचं, काय राहिलं, कुठला रस्ता तुटलाय हे सगळं त्या खुणांत असतं. पहिल्या वेळी जीव मुठीत धरून पळताना आपण त्या फक्त चाळतो. दुसऱ्या वेळी त्या वाचता येतात आणि गेम वेगळाच दिसायला लागतो.

पुढे शेवट कसे मिळतात तेही उघड लिहिलं आहे, तेव्हा कधीच न खेळलेल्यांनी आधी खेळून यावं.

प्रत, पडदा आणि अंधार

शक्यतो अमेरिकन प्रत घ्या. युरोपीय प्रत ५० हर्ट्झवर चालते, म्हणजे पडद्यावरचं चित्र अमेरिकन प्रतीपेक्षा कमी वेळा बदलतं, शिवाय शाळेत सुरी घेऊन अंगावर येणारी ती करडी पोरं तिच्यातून काढून दुसरे प्राणी घातले आहेत. शाळेची सगळी भीती त्या पोरांच्या उंचीत आहे, ती गेली की मजा गेली.

मूळ डिस्क प्लेस्टेशन २ आणि ३ वरही चालते. मात्र प्लेस्टेशन २ वर खेळताना पहिल्या प्लेस्टेशनचंच मेमरी कार्ड लागतं, नव्या कार्डावर या गेमचं सेव्ह होत नाही. हे आधीच जमवून ठेवा. प्लेस्टेशन २ मध्ये जुन्या गेमची टेक्स्चर्स गुळगुळीत करायचा एक पर्याय आहे, तो बंद असू द्या.

कारण सांगते. पहिल्या प्लेस्टेशनला रंगांच्या छटा कमी पडायच्या, म्हणून तो बारीक ठिपक्यांची जाळी टाकून मधल्या छटांचा भास करायचा. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर हे ठिपके एकमेकांत मिसळत आणि भिंती ओलसर, कळकट दिसत. मिडविच शाळेच्या भिंती तशाच दिसायला हव्यात. म्हणून कुठे असा सीआरटी, म्हणजे पिक्चर ट्यूबचा टीव्ही मिळाला तर त्यावरच खेळा. सपाट टीव्हीला जुना कन्सोल थेट जोडला तर बरेच टीव्ही त्याचा २४० ओळींचा सिग्नल चुकीचा ओळखतात आणि चित्र फिसकटतं. जुन्या कन्सोलसाठी बनवलेला अपस्केलर (जुनं चित्र नव्या टीव्हीजोगं मोठं करणारी पेटी) मध्ये जोडला की ते सुधारतं.

आपल्याकडच्या डिस्कवरून एम्युलेटरवर (संगणकावर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) खेळत असाल तर रिझोल्यूशन मूळ ठेवा, फार तर दुप्पट करा. त्याहून वाढवलं की भिंतींचे सांधे उघडे पडतात. ठिपक्यांची जाळी चालू ठेवा. हलणाऱ्या कडा सरळ करणारी दुरुस्ती मी बंद ठेवते. चालताना भिंती किंचित थरथरतात आणि या शहराला ते शोभतं. चित्र रुंद करणारे हॅकही नकोत, कारण इथला कॅमेरा कोपऱ्यापलीकडे काय आहे ते मुद्दाम लपवतो आणि रुंद पडदा ते दाखवून टाकतो.

त्या काळातले इतर भयपट-गेम आधी रंगवून ठेवलेल्या चित्रांवर पात्रं चालवायचे. हा गेम बनवणाऱ्या टीम सायलेंटने अख्खं शहर त्रिमितीत उभं केलं, आणि लांबचं काही काढण्याची ताकद कन्सोलमध्ये नव्हती. ती उणीव धुक्याने झाकली, रात्री अंधाराने झाकली, आणि तेच या गेमचं रूप ठरलं. त्यामुळे ब्राइटनेसची माझी कसोटी सोपी आहे: टॉर्चच्या उजेडाबाहेरची भिंत दिसत असेल, तर ब्राइटनेस जास्त आहे. खोलीतला दिवाही घालवा.

हेडफोन लावाच. अकिरा यामाओकाचं संगीत बऱ्याच ठिकाणी संगीत वाटतच नाही, कुठेतरी लांब कारखाना चालू असल्यासारखं वाटतं. आणि रेडिओ! प्राणी जवळ आला की खिशातला रेडिओ खरखरतो, प्राणी मेला की थांबतो. खाली पडलेल्यावर अजून गोळी घालायची की नाही, हे रेडिओ सांगतो. थरथरणारा कंट्रोलरही हवा. पडद्यावर तब्येतीची पट्टी नाही, हॅरी फार जखमी झाला की त्याच्या काळजाचे ठोके हातात जाणवतात. हे सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

हात बसवणं

वरचं बटण दाबलं की हॅरी ज्या दिशेला तोंड करून उभा आहे तिकडे चालतो, डावं-उजवं दाबलं की जागेवर वळतो. आजच्या गेमची सवय असलेल्याला हे जड जातं. त्यावर उपाय म्हणजे अ‍ॅनालॉग स्टिक सोडून बाणांची बटणं वापरणं. कॅमेरा अचानक बदलला तरी बोट हलवावं लागत नाही, हॅरी सरळ जात राहतो. या पद्धतीचा हा मोठा फायदा आहे, आणि अरुंद गल्लीतल्या पहिल्याच प्रसंगात, जिथे कॅमेरा गरागरा कोन बदलतो, तो लगेच कळतो.

ऑप्शन्सच्या पडद्यावर असताना खांद्याची बटणं दाबून बघा. जादा पर्यायांचं आणखी एक पान उघडतं. चालणं-धावणं उलट करता येतं, नेम आपोआप लागणं बंद करता येतं. मी पहिलं बदलते आणि दुसऱ्याला हात लावत नाही. हॅरी लेखक आहे, सैनिक नाही, त्याचा नेम चुकतो, तो धापा टाकतो, धावत भिंतीवर गेला तर हात टेकून स्वतःला सावरतो. त्याला याहून कठीण करायची गरज नाही.

लढाईचं थोडक्यात सांगते. रस्त्यावर लढू नका, पळा. इमारतीत एकट्यादुकट्याला लोखंडी पाइपने पाडा, आणि तो पडला की जवळ जाऊन लाथ घाला, म्हणजे गोळी वाचते. शॉटगनच्या गोळ्या मोठ्या प्राण्यांसाठी जपा. शाळेच्या तळघरातला सरडा तोंड उघडतो तेव्हाच त्यात गोळी घालायची असते. अंधारात टॉर्च बंद केला तर प्राण्यांचं लक्ष कमी जातं, पण मग नकाशाही वाचता येत नाही. तेव्हा टॉर्च घालवण्याआधी नकाशा बघून घ्या.

नकाशा कसा वाचायचा

पहिल्या वेळी आमच्या घरी कंट्रोलर दादाच्या हातात असायचा आणि नकाशा व कोडी माझ्याकडे. “आता कुठे?” असं तो विचारायचा आणि मी रस्त्याचं नाव सांगायची. त्यामुळे हे शहर मला अजून नावांनीच आठवतं: बॅकमन, ब्लॉक, लेव्हिन, मॅथेसन. रस्त्यांना भयकथा आणि विज्ञानकथा लिहिणाऱ्यांची नावं दिली आहेत. आता कंट्रोलर माझ्याच हातात असतो, तरी पद्धत तीच आहे.

नकाशा त्रिकोणाच्या बटणावर आहे आणि तो उघडला की गेम थांबतो. म्हणजे प्राणी मागे लागलेला असतानाही तो निवांत वाचता येतो. रस्ता खचलेला दिसला की हॅरी तिथे लाल रेघ मारतो. पण ही रेघ तो खड्ड्यापर्यंत जाऊन आल्याशिवाय मारत नाही! म्हणून शहरात पोचलात की प्रत्येक रस्त्याच्या टोकापर्यंत धावत जाऊन या. काही वेळाने नकाशावर इतक्या रेघा होतात की उरलेली वाट आपोआप डोळ्यांत भरते. शाळेकडे जायला सरळ रस्ताच नाही हे कुणी सांगत नाही, नकाशा दाखवतो. तुम्हाला लेव्हिन रस्त्यावरच्या कुत्र्याच्या खोपटापाशी जावं लागतं, तिथल्या किल्लीने तिथल्या घरात शिरावं लागतं, आणि त्या घराच्या मागच्या दाराच्या तीन कुलपांच्या किल्ल्या गावभर शोधाव्या लागतात. तो तुकडा आठवणीने पटकन उरकता येतो, पण उरकू नका. धुक्यातल्या शहरात दिवसाउजेडी मनसोक्त भटकायची संधी इथे आहे. मागचं दार उघडून बाहेर पडलात की रात्र झालेली असते.

इमारतीत नियम थोडा वेगळा आहे. आधी त्या इमारतीचा नकाशा शोधायचा. मग मजल्यावरचं प्रत्येक दार ढकलून बघायचं, उघडणारं असो वा नसो. हॅरी प्रत्येक दारावर खूण करतो, म्हणून सगळी दारं ढकलून झाल्यावर नकाशावर ज्यावर खूण नाही ते दार तुमच्याकडून राहिलेलं असतं. कोड्यात अडकलेल्या दहापैकी नऊ जणांचं असंच एखादं दार राहिलेलं असतं, असा माझा ठाम समज आहे.

शाळा मध्येच बदलते. गंज, जाळ्या, रक्त, आणि आवाजही वेगळे. पण आराखडा बराचसा तोच. इथे दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला एक खास गोष्ट करता येते: बदललेल्या खोलीत उभं राहून नकाशा उघडायचा आणि बदलण्याआधी इथे कुठली खोली होती ते बघायचं. आल्केमिला हॉस्पिटलमध्ये लिफ्टला आधी तीनच मजले असतात आणि मग चौथ्याचं बटण उमटतं. नकाशा वाचणाऱ्याला तो चौथा मजला जितका झोंबतो तितका नुसत्या पळणाऱ्याला झोंबत नाही.

कोड्यांपैकी पियानोचं कोडं लोक अजून वॉकथ्रूमधून उतरवतात. भिंतीवरची कविता मुक्या पक्ष्यांबद्दल आहे. पियानोच्या सगळ्या पट्ट्या वाजवून बघा, काहींतून आवाजच येत नाही. बास, फक्त त्याच वापरायच्या आहेत, आणि पांढऱ्या-काळ्या पट्ट्या म्हणजे पांढरे-काळे पक्षी. क्रम कवितेतून काढा, जमतो. शेवटाकडे राशींचं कोडं येतं, तिथे ज्योतिषाची माहिती उपयोगाची नाही. चित्रांकडे बघा आणि हातपाय मोजा.

पहिल्यांदा सुटलेल्या दोन गोष्टी

चांगला शेवट हवा असेल तर दोन कामं करावी लागतात, आणि गेम दोन्हींबद्दल जवळजवळ काहीच बोलत नाही.

पहिलं हॉस्पिटलमध्ये. स्वयंपाकघरात प्लास्टिकची रिकामी बाटली मिळते आणि संचालकाच्या खोलीत जमिनीवर लाल द्रव सांडलेला असतो. बाटली घेऊन परत त्या खोलीत जा आणि तो भरून घ्या. पुढे जत्रेतल्या फिरत्या घोड्यांच्या पाळण्यावर सिबिल, ती पोलीस बाई, अंगात आल्यासारखी तुमच्यावर चालून येते, तेव्हा गोळी न घालता हाच द्रव तिच्यावर वापरायचा. ती वाचते.

दुसरं डॉक्टर कॉफमनचं. तळ्याकाठच्या भागात आलात की अ‍ॅनीज बारमध्ये जा. कॉफमनवर हल्ला होत असतो, त्याला वाचवा. तो निघून गेला की त्याचं पाकीट मागे राहतं. त्यातल्या वस्तूंवरून इंडियन रनर या दुकानापर्यंत आणि तिथून नॉर्मन्स मोटेलपर्यंत जाता येतं. मोटेलवर मोटरसायकलच्या टाकीत काय लपवलंय ते शोधा. हा सगळा भाग न करताही गेम पुढे सरकतो, म्हणून तो इतक्या जणांचा सुटतो.

दोन्ही केलं तर सर्वांत चांगला शेवट. फक्त कॉफमनचं केलं तर चांगला, पण सिबिल गेलेली. फक्त सिबिल वाचवली तरी शेवट वाईटच्या गटातलाच, आणि काहीच केलं नाही तर सर्वांत वाईट. मला तो सर्वांत वाईट शेवटही एकदा बघण्यासारखा वाटतो. छोटा आहे आणि फार वेळ डोक्यातून जात नाही. त्यासाठी जत्रेच्या आधीचं एक सेव्ह वेगळं ठेवा. मात्र त्याने फक्त सिबिलचं बदलेल. कॉफमनचाही रस्ता चुकवायचा तर बारमध्ये जाण्याआधीचं सेव्ह लागेल.

जिथे नकाशा नाही

शेवटच्या टप्प्याचं नाव आहे नोव्हेअर. शाळेची खोली, हॉस्पिटलचा कोपरा, ओळखीची दारं, सगळं एकमेकांना कसंही जोडलेलं. आणि इथे नकाशाच नाही. इतका वेळ ज्यावर भिस्त ठेवली ते बटण दाबलं तरी हाती काही लागत नाही. पहिल्या वेळी हे फक्त गोंधळाचं वाटतं. पूर्ण गेम नकाशावर खेळून इथे आलात तर जमीनच काढून घेतल्यासारखं होतं, आणि त्यासाठीच मी सुरुवातीपासून नकाशाचा एवढा आग्रह धरला.

इथे कागद-पेन्सिल घ्या आणि स्वतः काढा. दिशा जुळवत बसू नका, जुळणार नाहीत. खोल्यांचे चौकोन काढा, कुठल्या दारातून कुठे निघालात तेवढ्या रेघा जोडा, बंद दारावर फुली मारा, मिळालेल्या वस्तूचं नाव चौकोनात लिहा. हॉस्पिटलमधली नर्स लिसा, तिच्या खोलीतला प्रसंग घाईत ओलांडू नका, आणि तो संपल्यावर आत परत जाऊन टेबलावरची तिची डायरी वाचा. मग शेवटच्या दारापाशी बरोबरची सगळी औषधं आणि बंदुकीच्या गोळ्या मोजून घ्या, कारण वाचवून ठेवायला आता पुढे काही नाही.

श्रेयनामावली सुरू झाली की कन्सोल बंद करू नका. नंतर निकालाचं पान येतं आणि सेव्ह करायला विचारतात, ते कराच. त्या सेव्हवरून नव्याने सुरू केलं की शहरात आधी नसलेल्या वस्तू सापडायला लागतात. चांगल्या शेवटानंतर सुरू केलंत तर कॅफेजवळच्या दुकानात एक दगडही असतो. तो उचला, आणि पुढे शाळेच्या गच्चीवर पोचलात की वापरून बघा.