शोभेची नासपाती: बेचकी आत्ताच बघा, नाहीतर पुढचं वादळ बघेल

थंडी उतरायला लागलीये, कळ्या अजून घट्ट आहेत, म्हणजे हातात जेमतेम दोन-तीन आठवडे राहिलेत. बाकीचं सगळं नंतर वाचा, आधी सिकेटर (छाटणीची कात्री) आणि करवत घेऊन झाडापाशी जा आणि फांद्या खोडाला जिथे जुळतात ती जागा, म्हणजे बेचकं, नीट बघा. मी फुलांच्या नासपातीची जेवढी झाडं गेलेली पाहिलीत त्यातली बहुतेक रोगाने नाही गेली, किडीनेही नाही, बेचक्यात फाटून गेली. पंधरा वर्षं पोसलेलं झाड, पांढरंशुभ्र फुलायचं, आणि एका रात्रीच्या वाऱ्यात मधोमध उभं चिरलं, अर्धं रस्त्यावर अर्धं कुंपणावर. मालक म्हणतो वारा फार होता. होता ना, पण शेजारचं झाड तर जागेवर उभं आहे!

या झाडाला एकाच जागेवरून पाच-सहा फांद्या सरळ वर काढायची वाईट सवय आहे. कोन इतका अरुंद की फांदी आणि खोड दोन्ही जाड झाले की मधली साल आत दाबली जाते, लाकूड लाकडाला जुळतच नाही. बाहेरून गच्च गोल देखणं झाड आणि आत नुसती सालीला साल टेकलेली. ब्रॅडफर्ड ही जात यात सगळ्यात बदनाम, १९६३ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने बाजारात आणली, तिकडे रस्तोरस्ती लागली आणि १५-२० वर्षांची झाली की फाटायला लागली. चॅन्टिक्लिअर ही दुसरी जात त्या मानाने बरी, उभट वाढते, कमी फाटते. पण छाटणीतून तिचीही सुटका नाही, नर्सरीवाला काहीही सांगो.

लावल्यापासून पहिली चार वर्षं हेच काम करा. मधला एकच शेंडा राखा, त्याच्याशी बरोबरी करणारा दुसरा शेंडा कितीही जोमदार दिसला तरी काढा. बाजूच्या फांद्या वर-खाली अशा साधारण ३०-४५ सेंमी अंतराने ठेवा, एकाच पातळीवर गोळा होऊ देऊ नका. फांदीची जाडी जोडाजवळ खोडाच्या निम्म्याहून कमी हवी. कोन ४५ ते ६० अंश आला की काळजी मिटली. कोवळी फांदी असेल तर कापायचीही गरज नाही, मध्ये बांबूची छोटी काडी अडकवून बाहेर ढकला, एका हंगामात ती तशीच बसते. मोठी फांदी काढताना तळाशी जो फुगीर गळा असतो तो राखून कापा, आणि एका वर्षात पाव घेरापेक्षा जास्त काढू नका.

माझा एक ठोकताळा आहे, कुठे छापलेला नाही. पाऊस उघडल्यावर सगळं खोड वाळलं तरी बेचक्यात काळी ओली रेघ दिवसभर राहते का बघा. राहिली तर साल आत दबलीये असं धरून चालायचं, माझा अंदाज फारसा चुकलेला नाही.

नेहमीची कामं:
- जागा: पूर्ण ऊन, निचरा हवा, मातीची फार चिकित्सा करत नाही
- पाणी: पहिली दोन वर्षं नियमित, नंतर फक्त ताण दिसला की
- आच्छादन: ५-७ सेंमी, खोडाला न टेकता
- खुंटावरचे फुटवे: दिसताक्षणी काढा, काटेरी असतात
- आधाराची काठी: वर्षभराने काढा

फुलोऱ्यात हवा १८ अंशांच्या वर गेली आणि वरून पाऊस पडला की फायर ब्लाइट या जिवाणूजन्य रोगाची भीती. शेंडा जळाल्यासारखा काळा होऊन छडीच्या मुठीसारखा वाकतो. कोरड्या दिवशी, दिसणाऱ्या डागाच्या खाली २०-३० सेंमी कापा आणि प्रत्येक कापाला हत्यार ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवा. ब्रॅडफर्ड याला बऱ्यापैकी दाद देत नाही, अॅरिस्टोक्रॅट ही जात मात्र लगेच बळी पडते. कळ्या सुटायच्या आधी १ टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर) पुरतं. फुलोऱ्यात स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक १०० पीपीएम अशी शिफारस आहे, पण बऱ्याच देशांत ते चालत नाही, आधी तिथला नियम बघा.

दुकानदार तुम्हाला फुलांचं टॉनिक देईल, जखमेवर लावायचा पेंट देईल, वर युरियाही सुचवेल. टॉनिकशिवाय हे झाड वेड्यासारखं फुलतं, पेंटने जखम भरत नाही, आणि नत्र जास्त झालं की लुसलुशीत फूट येते, ब्लाइटला नेमकी तीच आवडते. त्या पैशात चांगली करवत घ्या.

नवीन लावणार असाल तर थांबा. एकट्या जातीला फळ धरत नाही पण जवळ दुसरी जात असली की धरतं, पक्षी बी नेतात आणि रानात काटेरी जंगल माजतं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात २०२३ पासून आणि साउथ कॅरोलिनात २०२४ पासून विक्रीच बंद केलीये. शिवाय फुलांना मासळीसारखा वास येतो, खिडकीपाशी लावणारे हे नंतर कळवतात.

झाड आधीच मोठं झालंय आणि बेचकं अरुंद आहे? मग एकदम अर्धं कापू नका, दोन-तीन हिवाळ्यांत वरचं टोकाकडचं वजन थोडं थोडं कमी करा. उभी चीर दिसायला लागली असेल आणि खाली गाडी, वाट किंवा घर असेल तर बोल्ट-केबलने फांद्या आवळायच्या नादी लागू नका, पानं यायच्या आत झाड उतरवा, कारण पानं आली की ओल्या पावसात वजन कितीतरी वाढतं.