२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एआयचा विषय घेण्याआधी

प्रोजेक्टर आणि पाहुणे नंतर बघा, आधी गावात एक फेरी मारा. कोण काय वापरतंय ते विचारा: पोरं गृहपाठाला, बचतगटाच्या ताई अर्ज लिहायला, केळीवाले पानाचा फोटो दाखवून औषध विचारायला. विषय त्यावरूनच काढा, भाषणं कोणी ऐकत नाही.

जळगावच्या रावेर-यावल पट्ट्यात असाल तर केळी आधी घ्या, पैसा तिथेच बुडतो. सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक) हा केळीवरचा विषाणू. लागण झालेलं झाड बरं करणारी फवारणी नाही. झाड उपटून नष्ट करायचं आणि तो पसरवणारी मावा कीड आटोक्यात ठेवायची. मोबाइलवरच्या एआयने त्याच फोटोवर बुरशीनाशक सुचवलं, की कृषी केंद्रावरची उधारी तेवढी वाढली. म्हणून कृषी सहायकांना सभेचं आधीच सांगून ठेवा, फलकावर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ लिहा, आणि औषध घेण्याआधी जाणकार माणसाला विचारायचं हे सभेतच ठरवून घ्या.

मग भाषा. केंद्र सरकारचं 'सभासार' हे एआय साधन ग्रामसभेच्या ध्वनिमुद्रणावरून इतिवृत्त तयार करतं. चांगली सोय आहे, पण आपली माणसं तावातावाने बोलतात ती अहिराणीत, आणि नंदुरबारच्या धडगावकडे पावरीत. 'आमना गावमा पानी नही' याचं कागदावर काय होतं, ते मासिक बैठकीतच तपासून घ्या. भाऊसाहेबांनी (ग्रामसेवकांनी) मसुदा सर्वांसमोर मोठ्याने वाचायचा, सह्या त्यानंतर. हे ठरावात लिहून घ्या, तोंडी कबुलीला अर्थ नाही.

सेवा केंद्रावर पाटी लागली पाहिजे: आधार, पासबुक, दवाखान्याचे कागद एआयला द्यायचे नाहीत. संगणक चालवणाऱ्या मुलाला वेगळं बसवून समजवा. रांग वाढली की घाईत तोच हे कागद एआयला देऊन टाकतो.

ग्रामसभेआधीच्या महिला सभेत फसव्या फोनचा विषय नक्की घ्या. किती घरांतली पोरं सुरतला आहेत! एआयने केलेल्या हुबेहूब मुलाच्या आवाजात 'अपघात झाला, पैसे टाक' असा फोन आला तर ठेवून द्यायचा, त्याच्या नेहमीच्या नंबरवर आपण लावायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. रात्र-रात्र मोबाइलवरच्या एआयशीच मन मोकळं करणाऱ्या पोरासाठी आशाताईंकडे टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ असू द्या. त्याला चारचौघांत बोल लावू नका.

शेवटी एक वही, ग्रामपंचायतीतच. एआयने काय चुकीचं सांगितलं ते ज्याने-त्याने लिहायचं, नाव न घालता चालेल. २६ जानेवारीच्या सभेत ती वाचायला घ्या.