तीन मिनिटांत पीएचडी सांगायची तर

आधी नियम नीट वाचा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ साली सुरू केलेल्या 'थ्री मिनिट थिसिस' स्पर्धेचा साचा आता आपल्याकडेही चालतो: ३ मिनिटं, १ स्थिर स्लाइड, ॲनिमेशन नाही, हातात कुठली वस्तू नाही, आणि वेळ ओलांडली की बाद. तोंड उघडलं की घड्याळ सुरू. "सन्माननीय व्यासपीठ, वंदनीय गुरुजन" म्हणेस्तोवर १५ सेकंद जातात, तेव्हा ते गाळा. सरांना वाईट वाटेल असं वाटत असेल तर त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

मग भाषण लिहून काढा आणि कापायला बसा. सावकाश बोललं तर ३०० शब्दांच्या आसपास बसतात. हातात आठवडा असेल तर तो इथंच खर्च करा. माझा विषय कपाशीवरची गुलाबी बोंडअळी. पहिल्या खर्ड्यात "आर्थिक नुकसान पातळी" (कीड इतकी वाढली की फवारणी परवडते, ती पातळी) चारदा आली होती आणि लॅबमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या. लॅबवाल्यांना ऐकवून काही कळत नाही, ते आपल्याच रोगाचे रोगी. तोच खर्डा काटोलच्या मामांना फोनवर वाचून दाखवला. मामांची चार एकर कपाशी. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे बाप्पा, पण फवारा मारायचा कधी?"

उत्तर खर्ड्यात होतं, पण तळाशी. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, सलग ३ रात्री दर रात्री दर सापळ्याला ८ पतंग (अळीचेच पुढे होणारे पंखवाले किडे) सापडले की फवारायचं. ते उचलून मी सुरुवातीला आणलं. त्यामागोमाग कारण: अळी एकदा बोंडात शिरली की बोंड वरून धड दिसतं, आत सरकी खाल्लेली असते, आणि औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून पतंग मोजायचे. अळीमुळे न उमलता मिटून राहिलेल्या फुलाला मी "रोझेट फ्लॉवर" म्हटलं होतं, त्याच्या जागी मामांनीच "डोमकळी" घालायला लावलं. एवढ्यावरच माझं भाषण उभं राहिलं. तुमचा विषय अळीचा नसेल, पण तुमचेही कोणी मामा असतीलच. त्यांचा पहिला प्रश्न लिहून घ्या.

स्लाइडवर एकच फोटो ठेवा. मी चिरलेलं बोंड ठेवलं. आलेख सगळे काढले. फाइल पीडीएफ करूनच न्या, नाहीतर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर देवनागरीच्या वेलांट्या आणि जोडाक्षरं कुठल्या कुठे उडतात. एक प्रत पेन ड्राइव्हमध्ये, एक मेलवर.

कार्यक्रम एप्रिल-मे मधला असेल तर हॉल आदल्या दिवशी बघून या आणि कूलर सुरू करून बोला. नागपुरात माइकपेक्षा कूलरचाच आवाज मोठा. मित्राला शेवटच्या बाकावर बसवा, ऐकू आलं नाही की हात वर करायला सांगा. सकाळी पोटात काहीतरी असू द्या, पण तर्री-पोहे नकोत, घसा धरतो.

मोबाइलवर वेळ लावून उभ्यानेच सराव करा, बसून बोललेलं नेहमी कमी वेळात संपतं. माझं पहिल्यांदा ३ मिनिटं २० सेकंद झालं. वेग वाढवू नका, वाक्य काढा. मी सापळ्यातल्या गंधाच्या रसायनाचं नाव काढलं, गॉसिप्लूर. जिवावर आलं होतं. कोणी विचारलंच तर सांगायला ते राखून ठेवलंय.